घटलेला आकडा म्हणजे आजार नव्हे

तिशीनंतर दर दहा वर्षांनी शरीरातलं ग्रोथ हॉर्मोन सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. त्यामुळे पोट सुटतं, स्नायू झिजतात, उत्साह मावळतो. घटलेलं हॉर्मोन इंजेक्शनने भरून काढलं, की गेलेलं तारुण्य परत येतं. वार्धक्य रोखण्याची हमी देणाऱ्या क्लिनिकांपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळीकडे हा तीन विधानांचा युक्तिवाद ऐकू येतो. आता तो सुशिक्षित पन्नाशीकरांच्याही गळी उतरू लागला आहे. कन्सल्टिंग रूममध्ये रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवून ‘डॉक्टर, माझं ग्रोथ हॉर्मोन कमी आलंय, कधी सुरू करायचं?’ असं विचारणाऱ्यांना तपासणी झाल्यावर इंजेक्शन मिळेल याची खात्रीच असते. प्रश्न फक्त तारखेचा उरलेला असतो.

या तीन विधानांपैकी पहिलं ढोबळमानाने खरं आहे. दुसऱ्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. तिसरं धादांत चूक आहे. खऱ्याच्या आधाराने खोटं उभं केलं की ते पाडायला कष्ट पडतात, म्हणून हा प्रतिवाद सविस्तर करावा लागतो आहे. माझा मुद्दा एकच आहे. वयोमानाने घटलेला आकडा हा आजार नाही. त्याला आजार ठरवून इंजेक्शन टोचण्याने निरोगी माणसाला आजाराच्या वाटेवर लावलं जातं, आणि ज्यांना हा आजार खरोखर आहे त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

ज्या निबंधावर हा डोलारा उभा आहे

या साऱ्या व्यापाराची मुळं ५ जुलै १९९० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका निबंधात आहेत. डॅनियल रुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ ते ८१ वयाचे २१ निरोगी पुरुष निवडले. ग्रोथ हॉर्मोनच्या हुकमाने यकृतात तयार होणाऱ्या आयजीएफ-१ या द्रव्याची पातळी त्या सर्वांत कमी होती. त्यांपैकी १२ जणांना सहा महिने, आठवड्यातून तीनदा ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं दिली. उरलेल्या ९ जणांना काहीच दिलं नाही. इंजेक्शन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढलं, चरबी १४.४ टक्क्यांनी घटली, कण्याच्या मणक्यांची घनता १.६ टक्क्यांनी वाढली. शरीराच्या घडणीतला हा बदल वयाच्या दहा-वीस वर्षांत होणाऱ्या ऱ्हासाएवढा आहे, अशा अर्थाचं एक वाक्य निबंधात होतं. व्यापाऱ्यांनी नेमकं तेवढंच उचललं आणि आजही ते तेवढंच दाखवतात.

त्यांनी काय दाखवलं नाही, ते पाहू. तुलनेच्या गटाला खोटं इंजेक्शनसुद्धा दिलेलं नव्हतं. त्यामुळे औषध आपल्याला मिळतंय की नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. माणसाची ताकद वाढली का, तो जिना जास्त सहज चढू लागला का, याचं उत्तर या निबंधात नाही. शिवाय डोस पाहा. किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम, आठवड्यातून तीनदा. म्हणजे ८० किलोच्या माणसाला आठवड्याला ७.२ मिलिग्रॅम, दिवसाला सरासरी एक मिलिग्रॅम. साठीपुढच्या ज्या रुग्णाची, हे हॉर्मोन तयार करणारी पियूषिका ग्रंथी खरोखर निकामी झाली आहे, त्याला आज आपण दिवसाला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतो. निरोगी माणसाला दिलेला डोस खऱ्या रुग्णाच्या सुरुवातीच्या डोसाच्या पाच ते दहा पट होता.

‘चरबीविरहित वजन’ या मोजमापातही मोठी गफलत होते. ग्रोथ हॉर्मोन मूत्रपिंडांकडून मीठ आणि पाणी अडवून ठेवतं. अडलेलं पाणी म्हणजे चरबी नव्हे, म्हणून यंत्र ते चरबीविरहित वजनातच धरतं. आकडा वाढला याचा अर्थ स्नायू तेवढा वाढला, असा होत नाही.

ताकदीचा प्रश्न पुढच्या संशोधकांनी विचारला. १९९४ मध्ये टाफ आणि सहकाऱ्यांनी ६५ ते ८२ वयाच्या १८ पुरुषांना आधी वजनं उचलण्याचा व्यायाम दिला आणि मग काहींना ग्रोथ हॉर्मोन, काहींना खोटं इंजेक्शन दिलं. व्यायामाने कमावलेल्या ताकदीत ग्रोथ हॉर्मोनने काहीही भर घातली नाही. १९९६ मध्ये पापाडाकिस यांनी ६९ वर्षांवरच्या ५२ निरोगी पुरुषांवर सहा महिने प्रयोग केला. चरबीविरहित वजन ४.३ टक्के वाढलं, चरबी १३.१ टक्के घटली. म्हणजे रुडमन यांना दिसलेला बदल इथेही दिसला. पण हाताची पकड, गुडघ्यातला जोर, दम आणि रोजची कामं करण्याची क्षमता यांत खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत फरक पडला नाही. २००७ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. चरबी सरासरी सुमारे दोन किलो कमी, चरबीविरहित वजन सुमारे दोन किलो जास्त. त्याच्या बदल्यात पाय सुजणं, सांधे दुखणं, मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येणं, पुरुषांची छाती वाढणं आणि रक्तातली साखर चढणं. आयुष्य वाढल्याचा पुरावा मात्र कुठेही नाही.

ज्या नियतकालिकाने रुडमन यांचा निबंध छापला, त्यानेच २००३ मध्ये त्याच्या या गैरवापराविरुद्ध संपादकीय लिहिलं. सोबत मेरी ली व्हान्स यांचा लेखही छापला. पियूषिकेचा आजार नसलेल्या वृद्धांना हे औषध देऊ नये, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष होता. जाहिरातीत १९९०ची तारीख असते, २००३ची नसते.

एका थेंबात न सापडणारं हॉर्मोन

आता त्या रिपोर्टकडे वळू. सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं, संध्याकाळी ‘ग्रोथ हॉर्मोन : ०.१’ असं छापून आलं आणि माणूस हादरला. हा आकडा पाहून घाबरण्याचं कारण नाही. ग्रोथ हॉर्मोन नळाच्या धारेसारखं सतत वाहत नाही, उसळ्या मारत स्रवतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून एक द्रव्य पियूषिकेला ‘सोड’ म्हणतं, सोमॅटोस्टॅटिन नावाचं दुसरं ‘थांब’ म्हणतं, आणि जठरातून येणारं, १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडलेलं घ्रेलिन पुन्हा चालना देतं. या ओढाताणीतून दिवसभरात काही उसळ्या येतात. सर्वांत मोठी उसळी रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते. रक्तात सोडलेलं हॉर्मोन वीसेक मिनिटांत निम्मं होतं. दोन उसळ्यांच्या मधल्या काळात धडधाकट तरुणाच्या रक्तातही ते जेमतेम सापडतं. त्यामुळे एका वेळच्या रक्तावरून ‘कमतरता आहे’ असं सांगणं हे अज्ञान तरी आहे किंवा फसवणूक तरी.

मग आयजीएफ-१ पाहा, असं काही जण म्हणतात. ते दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं, हे खरं. पण उपास, कुपोषण, यकृताचा आजार, ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडची कमतरता, तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन या सगळ्यांनी ते घटतं. वयानुसार त्याची सामान्य मर्यादाही खाली येते. पासष्ट वर्षांच्या माणसाचा आकडा पंचविशीतल्या माणसाच्या मर्यादेशी ताडून पाहिला तर जगातला प्रत्येक आजोबा आजारी ठरेल.

पोट आधी, हॉर्मोन नंतर

दुसऱ्या विधानातली अदलाबदल इथे उघड होते. ग्रोथ हॉर्मोन घटलं म्हणून पोट सुटलं, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात पोटातली चरबी वाढली की ग्रोथ हॉर्मोनच्या उसळ्या दबतात. लठ्ठ माणसात, ग्रोथ हॉर्मोन मुद्दाम स्रवायला लावणाऱ्या उत्तेजक चाचणीलाही पियूषिका मंद प्रतिसाद देते. म्हणूनच लठ्ठ व्यक्तींसाठी चाचणीची मर्यादा वेगळी ठेवावी लागते. त्याच माणसाने मोठ्या प्रमाणात वजन उतरवलं की चोवीस तासांतलं स्रवण पूर्ववत होतं, हे १९९५ मध्येच डॅनिश संशोधकांनी दाखवलं आहे. ग्रंथी शाबूत होती. तिच्यावरचं ओझं उतरलं आणि ती पुन्हा कामाला लागली.

वृद्धांच्या बाबतीतही हेच दिसतं. १९९०च्या दशकात वृद्ध पुरुषांना हायपोथॅलॅमसचं चालना देणारं द्रव्य बाहेरून दिलं, तेव्हा त्यांच्या पियूषिकेने हॉर्मोन सोडलं. ‘थायरॉइड कमी झालं की गोळी देता, मग हे का देत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर यात आहे. थायरॉइड ग्रंथी थकते तेव्हा पियूषिका टीएसएच वाढवून तिला हाकारत असते. शरीर स्वतःच कमतरता जाहीर करतं. म्हातारपणी ग्रोथ हॉर्मोनच्या बाबतीत अशी हाक नसते. शरीराने हळूहळू कमी केलेला तो पुरवठा असतो.

आपल्यासाठी याचं महत्त्व जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात दडलेल्या चरबीकडे जगाचं लक्ष वेधलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं जोडछायाचित्र आलं होतं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अशा शरीरात इन्शुलिनचं काम आधीच जड जातं आणि ग्रोथ हॉर्मोन इन्शुलिनच्या विरोधात काम करतं. पियूषिकेचं साखरेवरचं हे वर्चस्व बर्नार्डो हौसाय यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९४७ मध्ये नोबेल मिळालं. २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ग्रोथ हॉर्मोन घेतलेल्या १८ वृद्ध पुरुषांत मधुमेह किंवा साखरेची असहिष्णुता दिसली, न घेतलेल्यांत ७ जणांत. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३च्या पाहणीने दिला आहे. त्या देशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तारुण्याच्या नावाखाली हे औषध देणं मला अक्षम्य वाटतं.

जास्त हॉर्मोन असलेल्यांना विचारा

ग्रोथ हॉर्मोनने तारुण्य मिळत असेल तर ते वर्षानुवर्षं भरपूर मिळालेल्या लोकांमध्ये ते दिसायला हवं. असे लोक आहेत. पियूषिकेत एक छोटी, बहुधा कर्करोग नसलेली गाठ होते आणि ती रात्रंदिवस ग्रोथ हॉर्मोन ओतत राहते. या आजाराला १८८६ मध्ये पिएर मारी यांनी अ‍ॅक्रोमेगाली हे नाव दिलं. हाडांची वाढ पुरी झालेल्या प्रौढाची उंची वाढत नाही, पण हातपाय, जबडा, नाक, जीभ वाढतात. लग्नातली अंगठी बोटातून निघत नाही, सोनाराकडे जाऊन कापावी लागते. चपलेचा नंबर आठवरून दहावर जातो. दातांमध्ये फटी पडतात, आवाज घोगरा होतो, घाम फार येतो, घोरण्याने घर जागं राहतं. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, सांधे झिजतात, हृदय जाडजूड होऊन थकतं, मोठ्या आतड्यात गाठी होतात. उपचार न मिळालेल्या रुग्णांचं आयुष्य घटतं. बदल इतके सावकाश होतात की घरच्यांना ते दिसत नाहीत, आणि निदानाला कित्येक वर्षं लागतात. ज्या हॉर्मोनला संजीवनी म्हणून विकलं जातं, त्याचा अतिरेक काय करतो ते या रुग्णांच्या तळहातांवर दिसतं.

आता उलट टोक पाहा. इक्वाडोरच्या दक्षिण भागात अशा कुटुंबांचा एक समूह आहे, ज्यांच्या पेशी जन्मापासूनच ग्रोथ हॉर्मोनला दाद देत नाहीत. १९६६ मध्ये इस्रायलच्या झ्वी लॅरॉन यांनी या विकाराचं वर्णन केलं. हैमे गेव्हारा-आगिरे आणि व्हाल्टर लाँगो यांनी इक्वाडोरमधल्या ९९ जणांचा २२ वर्षांचा आढावा २०११ मध्ये मांडला. त्यांत मधुमेह एकालाही नाही आणि कर्करोग फक्त एकाला, तोही जीवघेणा नाही. त्यांच्या नातेवाइकांमध्ये मात्र १७ टक्क्यांना कर्करोग आणि ५ टक्क्यांना मधुमेह. या लोकांचं आयुष्य इतरांपेक्षा लांबलं, असं नाही. पण ‘ग्रोथ हॉर्मोन नसणं म्हणजे अकाली वार्धक्य’ हे सूत्र त्यांच्यापुढे टिकत नाही.

उंदीर तर याहून स्पष्ट बोलतात. ग्रोथ हॉर्मोन जास्त तयार करणारे जनुक-बदललेले उंदीर भराभर वाढतात आणि लवकर मरतात. ज्यांच्यात त्याचा रिसेप्टरच काढून टाकला, अशांपैकी एक उंदीर पाच वर्षांना जेमतेम आठवडा कमी इतका जगला. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण दोन-तीन वर्षं जगतो. उंदरावरून माणसाचा निकाल लावू नये हे मलाही मान्य आहे. पण तारुण्याचं इंजेक्शन विकणाऱ्यांनी मग हे तरी सांगावं, की प्राण्यांतला पुरावा त्यांच्या नेमका विरुद्ध का आहे.

आणि १९९९चा धडा विसरू नये. अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांचे स्नायू झिजू नयेत म्हणून युरोपात मोठ्या डोसात ग्रोथ हॉर्मोन देऊन पाहिलं. हेतू चांगला होता, तर्कही बिनचूक वाटत होता. दोन्ही प्रयोगांत ते घेतलेल्या रुग्णांतले मृत्यू सुमारे दुपटीने वाढले. फिनलंडमध्ये ३९ टक्के विरुद्ध २० टक्के, दुसऱ्या प्रयोगात ४४ टक्के विरुद्ध १८ टक्के. ‘शरीर बांधणारं हॉर्मोन दिल्याने नुकसान ते काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

समर्थकांचे उरलेले मुद्दे

त्यांचा सर्वांत ताजा पुरावा २०१९चा. ५१ ते ६५ वयाच्या नऊ पुरुषांना एक वर्ष ग्रोथ हॉर्मोन दिलं आणि डीएनएवरच्या खुणांवरून मोजलेलं त्यांचं ‘जैविक वय’ सुमारे दीड वर्षाने मागे गेलं. नऊच जण, आणि तुलनेचा गटच नाही. शिवाय ग्रोथ हॉर्मोनसोबत डीएचईए आणि मेटफॉर्मिन ही औषधंही होती. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी तिथे होती ती ग्रोथ हॉर्मोनने साखर चढू नये म्हणून. तारुण्याच्या औषधासोबत मधुमेहाची गोळी घ्यावी लागते, यातच त्या औषधाचं स्वरूप कळतं. १९९०ची चूक २०१९ मध्ये अधिक महागड्या मोजमापाने पुन्हा झाली, एवढंच.

दुसरा मुद्दा गोळ्यांचा. ग्रोथ हॉर्मोन हे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं तर जठर-आतड्यांत ते डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं. त्या नावाचे फवारे आणि गोळ्या विकणारे निव्वळ पैसे उकळतात. जिममध्ये सध्या जिचा बोलबाला आहे ती एमके-६७७ म्हणजे आयब्युटामोरेन मात्र तोंडावाटे खरोखर काम करते. घ्रेलिनची नक्कल करून ती पियूषिकेला हॉर्मोन सोडायला लावते. पण २००८ मध्ये ६५ निरोगी वृद्धांवर तिचा दोन वर्षांचा प्रयोग झाला, त्यात चरबीविरहित वजन वाढलं, ताकद वाढली नाही, साखर वाढली. मांडीचं हाड मोडलेल्या रुग्णांवरचा दुसरा प्रयोग हृदय थकण्याच्या भीतीने मध्येच थांबवावा लागला. पंचविशीतल्या मुलांना ‘रिसर्च केमिकल’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली कुणी विकत असेल, तर तिच्यात काय आहे याची जबाबदारी कुणावरच नसते.

तिसरा मुद्दा अनुभवाचा. ‘आमच्या पेशंटना बरं वाटतं.’ वाटत असेल. महागडं इंजेक्शन रोज रात्री स्वतःच्या हाताने टोचणारा माणूस बरोबरीने जेवण सुधारतो, चालायला लागतो, वेळेवर झोपतो. श्रेय कशाचं ते खोट्या इंजेक्शनशी तुलना केल्याशिवाय ठरत नाही, आणि ती तुलना झाली तेव्हा काय दिसलं ते वर सांगितलंच आहे. अमेरिकेत मान्य कारणांखेरीज ग्रोथ हॉर्मोन वाटणं हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना इतकं कडक व्हावं लागलं, कारण व्यापार थांबत नव्हता.

ज्यांना खरोखर हवं आहे

मी ग्रोथ हॉर्मोनच्या विरोधात नाही. प्रौढांतली खरी कमतरता हा खरा आजार आहे. १९८९ मध्ये लंडनच्या सॉलोमन, क्युनिओ आणि सॉन्कसेन यांनी पियूषिका निकामी झालेल्या २४ प्रौढांवर सहा महिन्यांचा प्रयोग केला. त्यात खोट्या इंजेक्शनचा गट होता, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्ण वा डॉक्टर कुणालाच ठाऊक नव्हतं. चरबीविरहित वजन सरासरी साडेपाच किलोंनी वाढलं, चरबी तेवढीच घटली. हे औषध नेमकं कुणासाठी आहे, ते रुडमन यांच्या आदल्याच वर्षी नीट तपासलं गेलं होतं. ब्रिटनमध्ये ते सरकारी खर्चाने मिळायचं तर चाचणीतला उच्चांक ठरावीक मर्यादेच्या खाली हवा, पियूषिकेच्या इतर कमतरतांवर उपचार चालू हवेत आणि जीवनमानाच्या २५ प्रश्नांच्या चाचणीत त्रास किमान ११ गुणांचा हवा. नऊ महिन्यांनी पुन्हा गुण मोजतात. ७ गुणांचा फरक नसेल तर औषध बंद. शिस्त म्हणतात ती हीच.

निदानही सोपं नसतं. इन्शुलिन चाचणीत रुग्णाला उपाशीपोटी झोपवतात, शिरेतून इन्शुलिन देऊन रक्तातली साखर मुद्दाम ४०च्या खाली आणतात. त्याला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात. उशाशी ग्लुकोज भरलेली सिरिंज घेऊन डॉक्टर उभा असतो आणि ठरल्या वेळी रक्ताचे नमुने घेतले जातात. इतक्या संकटात पियूषिकेने भरपूर ग्रोथ हॉर्मोन सोडायला हवं. तरीही आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर गेला नाही, तर तीव्र कमतरता म्हणायची. हृदयरोग किंवा फिट्स असलेल्यांना ही चाचणी करत नाहीत. सकाळच्या एका थेंबावर इंजेक्शन लिहिणाऱ्यांनी या चाचणीच्या खोलीत एकदा उभं राहावं.

आणि ही खरी कमतरता आपल्याकडे कुणाला असते? पियूषिकेच्या गाठीवर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झालेल्यांना. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला जबर मार बसलेल्यांना. घोणस चावून वाचलेल्या काही शेतकऱ्यांना, कारण तिच्या विषाने रक्त गोठण्याची घडी विस्कटते आणि पियूषिकेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आणि बाळंतपणात अतोनात रक्त गेलेल्या बायकांना. गरोदरपणी पियूषिका फुगलेली असते. रक्तदाब कोसळला की तिचा भाग मरतो. १९३७ मध्ये ग्लासगोच्या हॅरॉल्ड शीहान यांनी याचं वर्णन केलं. श्रीमंत देशांत हा विकार दुर्मीळ झाला. काश्मीर खोऱ्यात मात्र २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मूल झालेल्या विशीपुढच्या बायकांपैकी सुमारे ३ टक्क्यांत तो आढळला.

अशी बाई बहुधा दहा-बारा वर्षांनी येते. चेहरा फिकट, कातडी कोरडी, उन्हाळ्यातही अंगावर शाल. थकवा इतका की भाकरी थापताना मधेच बसावं लागतं. घरी ती ‘आळशी’ ठरलेली असते. ‘ताई, शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?’ असं विचारलं की मग सगळं बाहेर येतं. शुद्ध हरपली होती, रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. बाळाला अंगावरचं दूध आलंच नाही. पाळी परत आलीच नाही. काखेतले केस गेले. एवढ्या वर्षांत तिला लोहाच्या गोळ्या आणि सलाइन मिळालं, हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. तिला आधी कॉर्टिसॉल द्यायचं, मग थायरॉइड. हा क्रम चुकला तर जीव जाऊ शकतो. ग्रोथ हॉर्मोनचा विचार त्यानंतर, आणि तो करावा इतकी तिची परिस्थिती असली तर. ज्या औषधावर तिचा हक्क आहे ते तिला परवडत नाही, आणि तेच औषध पोट सुटलेल्या सुखवस्तू माणसाला त्याचा आजार नसताना विकलं जातं. माझा संताप यासाठी आहे.

काय करायला हवं

लॅबवाल्यांनी ‘फुल बॉडी’ पॅकेजमधून सुट्या ग्रोथ हॉर्मोनची तपासणी काढून टाकावी. निरोगी माणसात ती कसलंच निदान करत नाही. पियूषिकेच्या आजाराचं कारण आणि उत्तेजक चाचणी या दोन्हींशिवाय प्रौढाला ग्रोथ हॉर्मोन लिहिणाऱ्या डॉक्टरकडे मेडिकल कौन्सिलने जाब मागावा. तीन वा अधिक पियूषिका-हॉर्मोन निकामी असून आयजीएफ-१ कमी असेल, तेव्हाच चाचणीला सूट आहे. जिमच्या मालकांनी आपल्या आवारातला हा व्यवहार थांबवावा.

आम्हा डॉक्टरांनी मधुमेहाच्या ओपीडीत रुग्णाचे हात आणि जबडा पाहावा, अंगठी आणि चपलेच्या नंबराची चौकशी करावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊनही ज्याचं ग्रोथ हॉर्मोन दबत नाही, त्याची गाठ नाकातून शस्त्रक्रिया करून काढता येते, आणि ती जितकी लवकर सापडेल तितकं बरं. थकलेल्या प्रत्येक बाईला बाळंतपणातल्या रक्तस्रावाबद्दल विचारावं. आशाताई आणि नर्सबाई हा प्रश्न घरोघरी विचारू शकतात. घोणस चावलेल्या रुग्णाला घरी पाठवताना ‘पुढे थकवा किंवा चक्कर आली, पुरुषांना दाढी कमी येऊ लागली, बायकांची पाळी गेली, तर या’ एवढं त्याच्या कागदावर लिहून द्यावं.

आणि ज्यांना फक्त आपलं वय जाणवू लागलं आहे त्यांनी वजनं उचलावीत, पुरेशी झोप घ्यावी, पोटाचा घेर कमी करावा. या तिन्हींनी ग्रोथ हॉर्मोन आपसूक सुधारतं, आणि नाही सुधारलं तरी माणूस सुधारतो. म्हातारपण हा आजार नाही. त्याला आजाराचं नाव देऊन औषध विकणं हा धंदा आहे, आणि डॉक्टरांनी त्या धंद्यात उभं राहू नये.